बोलण्याआधीचे हात: गृहभेट-पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

5 ऑगस्ट 2024, अंबाजोगाई

आजपासून या कामाच्या नोंदी वहीत ठेवायच्या असे ठरवले. काम तसे लहान आहे. सहा ते अठरा महिन्यांच्या लेकरांच्या घरी अंगणवाडी सेविका गृहभेटीला जातात, तेव्हा भाषेच्या वाढीबद्दल त्यांनी काय पाहावे आणि घरच्यांशी काय बोलावे, याची सोळा पानांची सचित्र पुस्तिका आम्हाला तयार करायची आहे. केज तालुक्यातील दोन गावे आणि एक तांडा एवढेच आमचे क्षेत्र असून मी, चित्रे काढणारा एक सहकारी आणि त्या गावांतील दोन सेविका अशी चौघांची मंडळी आहे.

हाती असलेल्या कच्च्या मसुद्यात 'मूल किती शब्द बोलते?' हा पहिलाच प्रश्न आहे. थोरल्या सेविकाताईंनी गेल्या आठवड्यात नेमके त्यावरच बोट ठेवले. वर्षाच्या आतल्या लेकराच्या घरी हा प्रश्न विचारला की 'एकही नाही' असे उत्तर येते, आई ओशाळते, आजी रागावतात आणि भेट तिथेच आटोपते. एका आजींचे बोलणे त्यांनी जसेच्या तसे सांगितले: "समदं कळतंय त्येला, पर बोलेना." या वाक्याचा उत्तरार्ध आमच्या तक्त्यात आहे, पूर्वार्धाला मात्र कुठेच रकाना नाही. माझ्या मते पुस्तिकेचा विषय तो पूर्वार्धच असायला हवा. 'समदं कळतंय' म्हणजे नेमके काय कळते आणि ते कशावरून ओळखायचे, एवढे जरी सांगता आले तरी भेट पुढे सरकेल.

9 ऑगस्ट

दोन दिवस केवळ वाचन केले. सुरुवात अमांडा वुडवर्ड यांच्या 1998 च्या प्रयोगांपासून केली, कारण पुढच्या बऱ्याच संशोधनाचे मूळ तिथे आहे. पडदा लावलेल्या छोट्या मंचावर शेजारी शेजारी दोन खेळणी ठेवलेली असतात. एक हात येतो आणि त्यांतील एक उचलतो. हेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवले की बाळ कंटाळते आणि नजर वळवते. मग खेळण्यांच्या जागांची अदलाबदल करतात. आता हात एक तर जुन्याच जागी जाऊन नवे खेळणे धरतो, नाही तर नव्या वाटेने जाऊन जुनेच खेळणे धरतो. नऊ महिन्यांची बाळे पहिल्या प्रकारच्या दृश्याकडे जास्त वेळ पाहत राहिली. हाताची वाट बदलली याचे त्यांना फारसे काही वाटले नाही, हाताने धरायची वस्तू बदलली हे मात्र त्यांना नवे वाटले. सहा महिन्यांच्या बाळांनीही तसेच केले आणि पाच महिन्यांच्या बाळांत तोच कल काहीसा फिका दिसला. हाताऐवजी तेवढ्याच आकाराची निर्जीव वस्तू खेळण्यापर्यंत नेली, तेव्हा हा फरक उरला नाही.

हातामागे 'याला ते हवे आहे' असे काही तरी असते, हे लेकराला पहिला शब्द उच्चारण्याच्या कितीतरी आधी जाणवू लागते, असा याचा अर्थ मी घेते. भाषेशी याचा संबंध सरळ आहे. आजी 'वाटी' म्हणाल्या, तेव्हा त्या शब्दाने आजी कशाकडे निर्देश करत आहेत हे कळल्याशिवाय तो शब्द लेकराच्या कामाचा नाही. डेअर बाल्डविन यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले की दीड वर्षाचे मूल स्वतःच्या हातातल्या खेळण्यात रमलेले असताना मोठ्या माणसाने दुसऱ्याच वस्तूकडे पाहून नवा शब्द उच्चारला, तर मूल मान वर करून बोलणाऱ्याची नजर कुठे आहे हे तपासते आणि तो शब्द त्या दुसऱ्या वस्तूला जोडते. बोलणे हीसुद्धा माणसाची एक कृतीच आहे आणि मूल तिचाही रोख शोधते.

14 ऑगस्ट

आज फजिती झाली. सेविकांना हा प्रयोग समजावा म्हणून अंगणवाडीच्या खोलीत खोक्याचा मंच केला, जुन्या परकराचा पडदा लावला आणि एक चेंडू व एक कापडी बैल मांडला. आठ महिन्यांची एक मुलगी आईच्या मांडीवर बसली होती. मी हात पुढे केला आणि तिची नजर माझ्या हिरव्या बांगड्यांवर जी खिळली ती शेवटपर्यंत तिथेच राहिली. चेंडू, बैल, वाट, हेतू सगळे बाजूला पडले. बांगड्या काढून पुन्हा बसले, तोवर खिडकीत गावातली सात-आठ पोरे जमली होती आणि मुलीला त्यांच्यात जास्त रस वाटला.

यातून एक गोष्ट पक्की झाली. अशा प्रयोगांना अंधारी खोली, मोजलेला वेळ आणि बरीच बाळे लागतात. एका घरातल्या एका बाळावर करून पाहण्याचा आणि त्यावरून त्या बाळाबद्दल निष्कर्ष काढण्याचा हा प्रकार नव्हे. पुस्तिकेत 'घरी करून पाहा' अशा चौकटी टाकायच्या असे माझ्या मनात होते, तो बेत आजच रद्द केला. सेविकाताईंना मात्र खोका आवडला. त्यांनी तो खेळण्यांसाठी ठेवून घेतला आहे.

23 ऑगस्ट

आज ज्या घरी गेलो तिथे चूल पेटलेली होती आणि अकरा महिन्यांचा मुलगा ओसरीवरून आजीचे भाकरी करणे पाहत होता. मीही तेच पाहत बसले आणि वाचलेली एक गोष्ट पहिल्यांदा नीट उमगली.

माणसाची कृती अखंड वाहत असते. ज्वारीचे पीठ मळणे, गोळा करणे, काटवटीत थापणे, तव्यावर टाकणे, वरून पाण्याचा हात फिरवणे, उलटणे, शेवटी आरावर शेकणे, यांत कुठेही थांबा नसतो. आजींचे हात एका कामातून दुसऱ्यात इतके सहज जातात की कॅमेऱ्याला त्यांत सांधा सापडणार नाही. पाहणाऱ्या मोठ्या माणसाला मात्र तुकडे दिसतात, कारण आपल्याला प्रत्येक तुकड्याचा हेतू माहीत असतो. 2001 मध्ये बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा महिन्यांच्या बाळांना स्वयंपाकघरातल्या रोजच्या कामांचे चित्रीकरण दाखवले. मग त्याच चित्रीकरणात काही ठिकाणी विराम घातले, कधी एखादे काम पुरे झाल्यावर आणि कधी ऐन मध्यावर. मध्येच तोडलेल्या कामाकडे बाळे अधिक वेळ पाहत राहिली. म्हणजे काम कुठे 'झाले' याची त्यांना काही तरी चाहूल होती.

बोलण्याचेही असेच आहे. आपण शब्दांमध्ये जागा सोडून बोलत नाही, ती जागा फक्त लिहिण्यात असते. 1996 मध्ये जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी दाखवले की आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची अखंड साखळी केवळ दोन मिनिटे ऐकवली, तरी कोणती अक्षरे नेहमी एकमेकांच्या मागोमाग येतात हे ती टिपतात आणि त्यावरून शब्दाच्या कडा ओळखतात. म्हणजे लेकरासमोर एकाच वेळी दोन प्रवाह असतात, एक हातांचा आणि एक आवाजाचा. दोन्ही त्याला तोडायचे आहेत आणि मग एकातला तुकडा दुसऱ्यातल्या तुकड्याला जोडायचा आहे.

आज चुलीपाशी लक्षात आले ते असे की आजी बोलत होत्या त्या नेमक्या सांध्यांवर. भाकरी तव्यावर पडली की "टाकली", उलटली की "पलटली", उतरवली की "झाली बग". मध्ये त्या गप्प होत्या. हे त्या कोणासाठी म्हणून करत नव्हत्या. तिसऱ्या भाकरीच्या वेळी पोराने दोन्ही तळहातांनी फरशीवर थापायला सुरुवात केली. तोंडातून शब्द नव्हता, पण मसुद्यात ज्या रकान्याची उणीव आहे तो इथे डोळ्यांसमोर भरला जात होता.

सेविकांसाठी यातून एक सूचना तयार झाली: काम करता करता, काम सुरू होताना किंवा संपताना त्याचे नाव घ्यावे. वेगळा वेळ काढायला सांगू नये. शेतातून आलेल्या बाईला 'रोज अर्धा तास बाळाशी बोला' असे सांगणे मला पटत नाही.

4 सप्टेंबर

पोळ्याच्या आदल्या दिवसापासून झालेल्या मोठ्या पावसामुळे वाटेतल्या ओढ्याला पाणी आले. दोन भेटी पुढे ढकलल्या. चित्रांची पहिली पाच पाने पाहिली. त्यांत बाळांचे चेहरे फार गोंडस आहेत आणि हात मात्र नीट दिसत नाहीत. सहकाऱ्याला पुन्हा काढायला सांगितले.

13 सप्टेंबर, तांड्यावर

घरची बोली बंजारा समाजाची गोरमाटी असल्यामुळे आमची मराठी शब्दांची यादी इथे पहिल्या पाच मिनिटांतच निकामी झाली. आई म्हणजे याडी, एवढे मला येत होते, त्यापुढे सेविकाताईंच्या नात्यातली एक बाई दुभाषी झाली. पण बाळाने काय काय केले हे विचारू लागलो, तेव्हा भाषांतराची अडचण फार जाणवली नाही. हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, रिकामी वाटी पुढे करते का, 'ये' म्हणून हात हलवले की येते का, पाहुणा निघाला की हात हलवते का, या प्रश्नांना तिन्ही घरांत भरभरून उत्तरे मिळाली.

जाना आयव्हरसन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला इथे आठवला. त्यांनी दहा मुलांचा दहा ते चोवीस महिन्यांपर्यंत पाठपुरावा केला. मुले ज्या गोष्टींचा निर्देश आधी हाताने करत होती, त्यांची नावे पुढे त्यांच्या बोलण्यात आली. शिवाय जी मुले एक शब्द आणि एक वेगळा हातवारा यांची जोडी आधी जुळवू लागली, ती दोन शब्द जोडून बोलूही आधी लागली. पाणी दाखवत 'दे' म्हणणारे मूल 'पाणी दे' या वाक्याच्या उंबरठ्यावर असते, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. आज चौदा महिन्यांच्या एका मुलीने माझ्या पिशवीकडे बोट दाखवून 'याडी' म्हटले. पिशवी आईने घ्यावी असे तिला सुचवायचे होते की पिशवी आईची आहे असे तिला वाटत होते, यावर घरात वाद झाला. वाद होऊ शकतो हेच मला महत्त्वाचे वाटले, कारण त्या मुलीने दोन सुट्या गोष्टी जोडल्या आहेत हे सगळ्यांनी न सांगता गृहीत धरले होते.

लहान मुलांची भाषा पालकांना विचारून नोंदवणाऱ्या मॅकआर्थर-बेट्स संप्रेषण-विकास सूचीतही लहान वयाच्या तक्त्यात कृती आणि हातवाऱ्यांचा स्वतंत्र भाग आहे. आमच्या मसुद्यात तो का गळला ते मला ठाऊक आहे: मसुदा मीच केला होता आणि शब्द मोजणे सोपे असते.

20 सप्टेंबर

क्रियापदांबद्दल थोडे सविस्तर लिहून ठेवते, कारण हा भाग मराठीत नव्याने विचार करण्यासारखा आहे.

डेड्रे जेंटनर यांनी 1982 मध्ये मांडले की मुलांना नामे आधी येतात आणि क्रियापदे नंतर, कारण वस्तू डोळ्यांसमोर आपसूक सुटी दिसते, तर क्रियेचा कोणता भाग क्रियापदात बसवायचा हे प्रत्येक भाषा आपल्या पद्धतीने ठरवते. पुढे ट्वायला टार्डिफ यांनी 1996 मध्ये मँडरिन चिनी बोलणाऱ्या लहानग्यांच्या बोलण्यात नामांचे असे वर्चस्व दिसत नाही हे दाखवले. कोरियन मुलांबद्दलही असेच निष्कर्ष आहेत. या भाषांत कर्ता-कर्म गाळून नुसते क्रियापद बोलता येते. मराठीतही तेच आहे. आपण लेकराशी 'घे', 'दे', 'ये', 'बस', 'थांब', 'टाक', 'सोड' असे एकेका शब्दात बोलतो, आणि पूर्ण वाक्यातही क्रियापद शेवटी येते, म्हणजे कानात ते ताजे राहते. मराठी मुलांत नेमके काय घडते ते मी छातीठोकपणे लिहिणार नाही, पण मसुद्यातील पहिल्या चाळीस शब्दांत छत्तीस नामे होती आणि ही यादी इंग्रजीच्या चालीवर झाली होती, एवढे मात्र नक्की.

दुसरा मुद्दा बारकाव्यांचा आहे. मेलिसा बॉवरमन आणि सुनजा चोई यांच्या 1991 च्या अभ्यासापासून हे समोर आले की इंग्रजी आणि कोरियन मुले दीड-दोन वर्षांची असतानाच हालचालींची विभागणी आपापल्या भाषेच्या रीतीने करू लागतात. इंग्रजी मूल 'आत' आणि 'वर' असा भेद करते, तर कोरियन मूल घट्ट बसणारे आणि सैल ठेवलेले असा. मग मराठी लेकराला काय काय पाहावे लागत असेल? काच फुटते, दोरा तुटतो, काडी मोडते, कापड फाटते. लुगडे नेसतात, अंगडे घालतात, फेटा बांधतात, वाकळ पांघरतात, टिकली लावतात. भांडी घासतात, धुणे धुतात, ताटली विसळतात. यातला एकही शब्द नुसत्या वस्तूकडे बोट दाखवून शिकवता येत नाही. हात काय करतात, वस्तू कशी बदलते आणि करणाऱ्याला काय साधायचे आहे, हे पाहिलेल्या लेकरालाच 'मोडले' आणि 'फाटले' यांतला फरक सापडेल.

थोरल्या सेविकाताईंना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मंग माझा नातू समदं फाटलंच म्हणायचा, मडकं बी फाटलं." मोठ्यांनी इथे हसून दुरुस्ती करावी की नुसते 'हो, फुटलं मडकं' असे म्हणावे, यावर आम्ही दुसरा पर्याय घेतला.

1 ऑक्टोबर

सहकाऱ्याशी दुपारभर वाद झाला. त्याचे म्हणणे असे की मुले माकडासारखी नक्कल करतात, त्यात समज कसली. मी त्याला ग्योर्गी गर्गेली, हॅरोल्ड बेकरिंग आणि इल्दिको किराय यांचा 2002 चा प्रयोग सांगितला. चौदा महिन्यांच्या मुलांसमोर एक बाई कपाळाने दिव्याचे खोके दाबते. तिचे हात मोकळे असताना तिने असे केले, तेव्हा 69 टक्के मुलांनीही नंतर कपाळ वापरले. थंडी वाजत असल्याचे सांगून तिने हातांनी अंगाभोवती पांघरूण धरलेले होते, तेव्हा कपाळ वापरणारी मुले 21 टक्केच होती. बाकीच्यांनी सरळ हाताने दिवा लावला. तिचे हात गुंतले होते, माझे मोकळे आहेत, असा हा हिशेब आहे. त्याआधी 1995 मध्ये अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी दाखवले होते की माणूस एखादे काम करायला जाऊन फसला, तरी अठरा महिन्यांची मुले फसलेली हालचाल न उचलता मनातले काम पुरे करतात.

सहकाऱ्याला हे पुरते पटले नाही. कपाळ वापरण्यामागे दुसरी कारणे असू शकतील, असे तो म्हणाला. संशोधकही त्यावर अजून वाद घालतात, हे मी मान्य केले. परवा एका घरी पिठाने भरलेल्या हातांमुळे आईने कोपराने दार लोटले आणि मागोमाग आलेल्या पोराने हाताने लोटले, हे मात्र मी त्याला सांगितले नाही. एका दारावरून काही सिद्ध होत नाही आणि तसे त्याने मला लगेच ऐकवले असते.

9 ऑक्टोबर

आज मसुद्यातील सर्व 'यामुळे' तपासले आणि बहुतेक काढले. रिशेल ब्रुक्स आणि मेल्टझॉफ यांच्या अभ्यासात दहा-अकरा महिन्यांची जी बाळे दुसऱ्याची नजर जिथे वळेल तिकडे पाहत होती, त्यांची भाषा दीड वर्षापर्यंत अधिक वाढलेली दिसली. एरिक वॉल आणि जोसेफ कॅम्पॉस यांच्या 2014 च्या अभ्यासात चालू लागणे आणि शब्दसंग्रह वाढणे यांचा संबंध दिसला. पण सोबत वाढणे आणि एकाने दुसऱ्याला वाढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या घरात लेकराच्या बोटाकडे कोणी तरी वळून पाहते, त्या घरात त्याच्याशी बोललेही जात असेल.

प्रत्यक्ष अनुभव देऊन पाहिलेला एक प्रयोग आहे. जेसिका सोमरव्हिल, वुडवर्ड आणि एमी नीडहॅम यांनी 2005 मध्ये तीन महिन्यांच्या बाळांना चिकटपट्टीचे हातमोजे घातले, त्यामुळे ज्यांना अजून पकडता येत नाही त्यांनाही खेळणी उचलता आली. त्यानंतर ही बाळे दुसऱ्याच्या हाताचा रोख ओळखू लागली. धाकट्या सेविकाताईंनी लगेच असे मोजे शिवायची तयारी दाखवली. मी नको म्हटले, कारण त्या प्रयोगात भाषा मोजलेली नव्हती आणि मोजे घातल्याने मूल लवकर बोलते असा गावात समज पसरायला दोन दिवस पुरेसे आहेत.

धोक्याच्या खुणांचे पान मात्र स्पष्ट ठेवले आहे. बारा महिन्यांपर्यंत बडबड किंवा हातवारे नसणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडता न येणे, आवाजाला प्रतिसाद नसणे आणि आलेले काही गमावणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबायचे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते तेव्हा, किंवा त्याआधीच, मूल दाखवायचे. 'समदं कळतंय' हा दिलासा ऐकू न येणाऱ्या लेकराच्या वाट्याला येऊ नये, यासाठी हे पान पुस्तिकेच्या मध्यावर, टाचणीच्या जागी घेतले, म्हणजे ती उघडली की तेच समोर येईल.

21 ऑक्टोबर

दसरा झाला आणि ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघू लागल्या. आमच्या घरांपैकी चार घरे ऊसतोडीला जाणार, ती आता मार्च-एप्रिलपर्यंत भेटणार नाहीत. या मुलांचा दहा ते सोळा महिन्यांचा काळ फडाच्या कडेला कोपीत जाईल आणि दिवसभर त्यांना सांभाळणारी बहुधा आठ-नऊ वर्षांची बहीण असेल. पुस्तिका आईसाठी आहे असे आम्ही इतके दिवस धरून चाललो होतो. आज सातवे आणि आठवे पान काढून त्या बहिणीसाठी नवी चित्रे करायला दिली: बाळ बोट दाखवेल तिकडे पाहा, ते काय आहे सांग, त्याने काही पुढे केले तर घे आणि परत दे. बुवा-कुक आणि तळहातावर मोराला बसवायचा खेळ तिला आमच्याहून चांगला येतो. त्या खेळात बोट टेकते, चारा घातला जातो आणि शेवटी मोर भुर्रकन उडतो. प्रत्येक हालचालीला तिचा शब्द आणि तिची वेळ ठरलेली असते, आणि उडण्याआधीच हसू लागलेल्या बाळाला पुढे काय होणार हे कळलेले असते.

एका मुलीने विचारले की हे सगळे करताना भांडी कधी घासायची. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. 'भांडी घासताना' असे एक चित्र वाढवले.

7 नोव्हेंबर

छपाईआधीची प्रत दोन्ही गावांत आणि तांड्यावर दाखवली. पहिला प्रश्न आता 'मूल किती शब्द बोलते?' असा नसून 'तुमचे लेकरू काय हवे ते तुम्हाला कसे सांगते?' असा आहे. ज्या आजी सुरुवातीला रागावल्या होत्या त्या यावर पाव तास बोलल्या आणि त्यांची सून मध्ये मध्ये दुरुस्त्या करत राहिली. शब्दांच्या यादीत क्रियापदे एकोणीस झाली आहेत आणि तांड्यासाठी यादीच्या जागी रिकाम्या ओळी ठेवल्या आहेत.

जाता जाता आजींनी पाचवे पान उलटून सहकाऱ्यासमोर धरले. बाळाला वाटी देणारा हात त्याने डावा काढला होता. लेकराला डाव्या हाताने कोणी देते का, असे त्यांनी विचारले. पाचवे आणि अकरावे पान पुन्हा काढायचे आहे. प्रत सोमवारी छापखान्यात.